आवाज बाहेर नेण्याचे भाडे

वस्तू ठेवण्याचे भाडे नाममात्र आणि ती बाहेर काढण्याचे भरमसाट, असा व्यवहार मी या वयात प्रथमच पाहिला, आणि तो समजून घेण्यात माझा गेला चातुर्मास खर्ची पडला. माझा स्वभाव संतापी नाही. ज्याचे आयुष्य संथा देण्यात गेले, त्याच्या अंगी चिकाटी येतेच. शिष्य तोच चरण पुन्हा चुकीच्या स्वरात म्हणतो आणि आपण तो पुन्हा सांगतो. परंतु त्या कंपनीने माझ्या चिकाटीचा तळ मला दाखवला, हे मान्य केले पाहिजे.

माझे गुरुजी निवर्तले तेव्हा त्यांच्या वेदपाठाच्या काही कॅसेटी माझ्यापाशी उरल्या. पत्नी गेल्यावर कृष्णाकाठचे घर बंद करून मी चंदीगडला मुलीकडे आलो, तेव्हा त्या कॅसेटी धोतरात गुंडाळून आणल्या होत्या. जावई सैन्यात, मुलगी येथील एका सॉफ्टवेअर कंपनीत अभियंता. तिने तो आवाज कॅसेटींतून काढला, खरखर घालवली आणि घरच्या डिस्कवर एक प्रत ठेवून दुसरी क्लाउडवर चढवली. क्लाउड म्हणजे आकाशात काही नसते, हे तिनेच मला समजावले. ती कोणा कंपनीची संगणकांची वखार असते आणि आपण तिच्यातली जागा भाड्याने घेतो. तेथून इंटरनेटच्या एका पानावर माझे शिष्य गुरुजींचा पाठ ऐकू लागले. कोणी रत्नागिरीत, कोणी नागपुरात, कोणी परदेशात. आणि एक मुलगी येथेच, मोहालीला सेक्टर ६७ मधील औषधसंस्थेत संशोधन करणारी, जी रविवारी घरीही संथेला येते.

मी एकच अट घातली होती. पाठ कोणी आपल्या फोनमध्ये उतरवून घ्यायचा नाही. आमच्या पाठशाळेत पाठ घेण्यासाठी गुरूंच्या दारी जावे लागे. तो खिशात घालून नेण्याची वस्तू नव्हे. म्हणून प्रत्येकाने दर वेळी ते पान उघडावे आणि तेथेच ऐकावे. मूठभर शिष्यांचा प्रश्न म्हणून मुलीनेही मान डोलावली. पुढे शिष्यांनी आपापल्या विद्यार्थ्यांना त्या पानाचा पत्ता दिला आणि दारी येणारे वाढले. मला त्याचा आनंदच होता.

मग एके दिवशी कंपनीचे पत्र आले की ग्राहकांच्या सोयीसाठी साठवणुकीचा दर कमी करण्यात येत आहे. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत होते की यापुढे वस्तू किती वेळा मागवली, याचाही आकार लागेल. ऐकणारे अजून मोजकेच आहेत असे धरून मुलीने आमचे ध्वनिमुद्रण त्यांच्या सर्वांत स्वस्त कप्प्यात हलवले. तो कप्पा क्वचित लागणाऱ्या वस्तूंसाठी असतो, बटाट्यांच्या शीतगृहासारखा. ठेवणे स्वस्त, बाहेर काढणे महाग. हे तिने मला सांगितले होते, असे ती म्हणते. सांगितलेही असेल.

आषाढी एकादशीला मी सर्व शिष्यांना चातुर्मासाचा नियम दिला: सकाळ-संध्याकाळ गुरुजींचा पाठ ऐकायचा, आणि एकेक अनुवाक स्वर बसेपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकायचा. नियम सर्वांनी पाळला. इतक्या निष्ठेने पाळला की महिनाअखेरीस मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"बाबा, तुमचे शिष्य फार आज्ञाधारक आहेत," ती म्हणाली.

बिल तिच्या कार्डावर जात होते. इतका मोठा आकडा मी तिला पुढच्या महिन्यापासून भरू देणार नव्हतो आणि माझ्या निवृत्तिवेतनातून तो निघणारा नव्हता. म्हणजे दरात मार्ग निघाला नाही तर शिष्यांसाठी गुरुजींचे दार बंद, इतके ते सरळ होते. मी विचारले, खर्च वाढताना कळत नाही का? कळते, ती म्हणाली, इशारा येतो. पण तो नुसता येतो, काही थांबवत नाही; आणि येतो तोवर खर्च होऊन गेलेला असतो.

हे दर कोण आणि कशावरून ठरवतो, ते मी विचारत राहिलो, आणि तिच्या उत्तरांनी मी अधिकच वैतागत गेलो. आत आणायला पैसे नाहीत, कारण तुम्ही सर्व काही घेऊन यावे. बाहेर न्यायला पैसे, कारण तुम्ही जाऊ नये. एकच वस्तू मुंबईच्या वखारीत एका दराने, परदेशातील वखारीत दुसऱ्या. कित्येक वर्षांचा शब्द आगाऊ दिला तर सूट, कारण मग त्यांना यंत्रे किती घ्यावीत ते कळते. आणि दर बदलण्याचा अधिकार मात्र त्यांचाच. मी म्हणालो, आम्हीही विद्या दिली. दक्षिणा देणाऱ्याच्या शक्तीवर ठरे, शिष्याने चरण किती वेळा घोकला यावर नव्हे. जावई दाराशी बूट काढत होते. ते म्हणाले, "बाबा, फौजेतसुद्धा राशन मोजून मिळतं. पण घासागणिक बिल कोणी लावत नाही."

शेवटी मुलीने कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलणे जुळवून दिले. तो अत्यंत विनयी होता आणि त्या विनयाचाच मला अधिक त्रास झाला. मी त्याला हिंदीत सर्व सविस्तर सांगितले: गुरुजी कोण, पाठ म्हणजे काय, आवृत्ती का करावी लागते. त्याने मध्ये एकदाही तोडले नाही. मग म्हणाला, "सर, इसमें फ़ायदा ही फ़ायदा है. आप जितना यूज़ करेंगे, बस उतना ही देंगे."

"बेटा," मी म्हणालो, "जितना यूज़ करते हैं, उतना ही तो याद होता है."

त्यावर त्याने मला तीन वर्षांच्या कराराची योजना सांगितली. आम्ही वस्तू आजच काढून टाकली तर, असे मी विचारले. त्या कप्प्याला किमान मुदत आहे, तो म्हणाला. ती संपेपर्यंतचे भाडे द्यावेच लागेल. जी वस्तू तेथे नाही, तिचे भाडे. मी फोन मुलीकडे दिला आणि देवघरात जाऊन बसलो, पण त्या दिवशी जप काही लागला नाही.

ती मागून आली आणि दारातच उभी राहिली. "बाबा, प्रत्येकाने पाठ एकदाच उतरवून घेतला तर पुढे कोणालाच काही द्यायचं नाही. मी घरच्या डिस्कवरून पाठवते. फक्त तुमची अट..."

गुरुजींचे दार उघडे ठेवायचे तर ते दार उरणार नव्हते. अट टिकवायची तर आवाज कोणापर्यंत पोचणार नव्हता. यात गुरुजींनी काय केले असते, ते मला आजही ठाऊक नाही. त्यांच्यापुढे असला प्रश्न कोणी आणला नाही, याचा मात्र मला हेवा वाटला. "पाठव," मी म्हणालो. त्या स्वस्त कप्प्याचे भाडे आम्ही मुदत संपेपर्यंत भरले, आतून रिकाम्या कप्प्याचे.

पुढच्या आठवड्यात सकाळीच मोहालीच्या विद्यार्थिनीचा फोन आला. मागे बसचा कंडक्टर सेक्टर १७, सेक्टर १७ असे ओरडत होता.

"गुरुजी, पाठ आता फोनमध्येच आहे. बसमध्ये ऐकला तर चालेल का?"

पायांत चप्पल, शेजारी कोणाचा डबा, आणि कानांत माझे गुरुजी. नाही म्हणायचे माझ्या अगदी ओठांवर आले होते.

"बसायला जागा मिळाली आहे का?" मी विचारले.

"नाही गुरुजी, उभीच आहे."

"मग ऐक. गुरुजींसमोर आम्हीही उभेच असायचो."