गादीवरून उतरल्यावर

फोन आला तेव्हा मी संत्र्याच्या बागेत होतो. "सुखदेव महाराज गेले," एवढंच पुतण्या बोलला... अन् मी बांधावरच बसलो. गावासाठी ते कीर्तनकार महाराज. माझ्यासाठी चिंचा पाडायच्या वयापासूनचा सुखा. महिना उलटला, तरी कुणी 'महाराज' म्हटलं की मला आधी त्याचे फुटलेले गुडघे आठवतात.

वरवट बकालच्या अंगाला आमचं गाव. मी सरपंचपदाला उभा राहिलो त्या वर्षी सप्ताह नेमका प्रचाराच्या दिवसांत आला. काल्याच्या कीर्तनाला सगळं गाव लोटतं. सुखानं नुसतं नाव घेतलं असतं तरी माझं काम झालं असतं.

"एक वाक्य टाक बे माह्यासाठी," मी म्हटलं.

"गादीवरून नाही. समोर हरिभाऊचेही लोक बसतेत. त्यायनं कुठी जावं मंग?"

हरिभाऊ माझा विरोधक. कीर्तनात सुखानं गावातल्या दारूवर, नळाच्या कोरड्या तोटीवर सपासप आसूड ओढले, पण नाव एकाचंही घेतलं नाही. मी असा फणफणलो, की काल्याचा प्रसादही न घेता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखा दारात उभा. फेटा नाही, उपरणं नाही, साधा चौकड्यांचा सदरा.

"चाल बे, मतं मागाले."

"अन् काल काय झालतं तुले?"

"काल गादीवर होतो. आज तुहा दोस्त हाय."

गल्लीनं गल्ली फिरला माझ्यासोबत. मी पडलो ती गोष्ट वेगळी. पुढच्या सप्ताहाच्या कीर्तनाचं आमंत्रण म्हणून मानाचा नारळ सुखाला सरपंच झालेल्या हरिभाऊनंच दिला. तेव्हा मला ते झोंबलं. आज वाटतं, सुखाची खरी कमाई हीच.

गेल्या आठवड्यात सप्ताहाला बाहेरून तरुण महाराज आले. त्यांनी गादीवरूनच एका पुढाऱ्याचा प्रचार केला. अर्ध्या मंडपानं टाळ्या वाजवल्या, अर्धा उठून गेला. मीही उठलो. पाय सुखाच्या ओट्याकडे वळले... तिथं आधीच हरिभाऊ बसलेला. मी त्याच्या शेजारी टेकलो.

"तुह्यासाठी मत मागाले तो माह्या घरीही आलता," हरिभाऊ म्हणाला. "ठाव हाय का तुले?"

मला कुठलं ठाऊक!

"'तुहं राहू दे हरिभाऊ, वहिनीचं तं दे,' म्हने."

"मंग? देल्लं का वहिनीनं?"

हरिभाऊ डोळे पुसता पुसता हसला.

"आजवर सांगतलं नाही तिनं."