आतल्या आंबटपणाचा निरोप

वाघमारे बाईंची नि माझी ओळख भांडणातून झाली. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी ‘आदराने लिहा’ असं बजावलंय, पण खरं ते लिहिलेलं बरं. दुष्काळाची वर्षं होती. कळंबच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो. नव्यानेच आलेल्या, लोहाऱ्याकडच्या या वनस्पतिशास्त्राच्या बाई माझ्याकडे ॲसेटिक आम्ल मागायला आल्या.

“लोणचं घालताय काय?” मी म्हणालो.

“न्हाय सर. शेवाळ काय बोलतंय ते बघायचंय.”

त्यांचं शेवाळ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दोन शेपट्या हलवत पोहणाऱ्या हिरव्या पेशी. पेशीच्या आत आंबटपणा वाढला की तोच तिला निरोप असतो आणि ती आपणहून शेपट्या टाकून देते, असं बाईंचं म्हणणं. मी वाद घातला. आम्लाने पोळून शेपट्या गळत असतील, त्यात निरोप कसला डोंबलाचा!

त्यांच्या प्रबंधाच्या परीक्षकांनाही हीच शंका. प्रयोग डोळ्यांनी पाहायला ते थेट कळंबला आले. प्रबंध परत गेला तर बाईंची प्रयोगशाळाही जाणार होती. ती खोली सहकारी सोसायटीला पेंडीची पोती ठेवायला द्यायचं संस्थेच्या मनात होतंच.

बाईंनी दोन नळ्यांत शेवाळ घेतलं. दोन्हींत आम्ल घातलं, आंबटपणा रंग बदलणाऱ्या कागदावर तपासून सारखा ठेवला. एकीत हायड्रोक्लोरिक. ते पेशीच्या आत सहजी शिरत नाही. तिथलं शेवाळ पोहतच राहिलं. दुसरीत ॲसेटिक, ते आत शिरतं. बाहेरचा आंबटपणा तेवढाच असूनही तिथल्या शेपट्या बघता बघता गळाल्या.

“मेलं हे,” परीक्षक म्हणाले.

“जित्तं हाय, सर. लगेच धुतलं तर शेपट्या परत फुटतील.”

धुवायला पाणी कुठलं? त्या उन्हाळ्यात आम्ही घरून तांब्या भरून आणायचो, तो दुपारपर्यंत संपायचा. शिल्लक होता फक्त पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेला तांब्या. बाईंनी तोच उचलला.

“अहो बाई, पावण्याचं पाणी हाय ते!” शेजारी उभे असलेले आमचे प्राचार्य कडाडले. दारी आलेल्याला तहानलेलं ठेवणं म्हणजे आमच्याकडे हाकलून देण्यासारखंच.

“दुसरं आणंपर्यंत ह्या पेशी मरतील,” बाई म्हणाल्या. मग परीक्षकांकडे वळल्या, “सर, माफ करा.” आंबटपणा मारायला चिमूटभर सोडा घालून त्यांनी पाणी ओतलं.

पुढचा तासभर वाट पाहण्यात गेला. परीक्षक कोरडे ओठ चाटत होते, प्राचार्य धुमसत होते. प्रबंध माझा नसून घाम मला फुटला होता. मधे दोनदा पाहिलं, काहीच हालचाल नव्हती. तिसऱ्यांदा परीक्षक वाकले ते वर बघेनातच.

“पोहतंय की हो!” ते म्हणाले. “बाई, तुमचं खरं निघालं.”

बाई स्टुलावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. नंतर परीक्षकांना त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी घेऊन गेल्या. त्यांच्या आईंनी माठातलं पाणी दिलं, ते पाहुणे पोटभर प्याले.

खोली वाचली. पार माकणी गावापासूनच्या कितीतरी पोरी तिथं शिकल्या. फी थकली की बाई ऑफिसात जाऊन भांडायच्या. माझी लेकही तिथंच शिकली. आज ती पेशीशास्त्र शिकवते आणि घरी आली की माझ्याशी वाद घालते, अगदी बाईंसारखी.

बाई, पंच्याहत्तरी झाली म्हणून स्वस्थ बसू नका. तब्येत खणखणीत ठेवा. आमच्यासारख्यांना चूक ठरवायला तुम्ही अजून पुष्कळ वर्षं हव्या आहात.