कॅज्युअल्टीतली खिडकीजवळची खाट

सकाळी साडेनऊचं कोवळं, पिवळसर ऊन कॅज्युअल्टीच्या फरशीवर पडलेलं तुम्ही कधी पाहिलंय का? मी पाहिलं नव्हतं, आणि बावीस वर्षं मी त्याच फरशीवरून धावते आहे. कोपऱ्यातल्या खिडकीच्या काचांना कुणी, केव्हा, कशासाठी पांढरा रंग फासून ठेवला होता कोण जाणे. गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डबॉय मामांनी तो ब्लेडने खरवडून काढला आणि बाहेरच्या चिंचेतून गाळून आलेलं ते ऊन स्पिरिट-फिनेलच्या वासात येऊन निवांत बसलं. हातात सलाईनची बाटली घेऊन मी तशीच उभी राहिले. एवढ्याशा गोष्टीने हेड सिस्टर इतकी हरखते हे पाहून आमच्या नर्स मुली एकमेकींना कोपरं मारून हसल्या. हसू देत बापड्या. त्यांना काय माहीत, त्या खिडकीसाठी मी वर्षभर किती जणांचं डोकं खाल्लंय ते.

ती खिडकी, तिच्याजवळची खाट, भोवतीचा निळा पडदा, हे सगळं आम्ही मिळवलं ते ज्यांचं आयुष्य काही तासांवर येऊन ठेपलं आहे अशा माणसांसाठी. मरणाची खाट, आणि त्यात एवढा उत्साह कसला, असं तुमच्या मनात आलं असेल. येऊ द्या. पण मला सांगा, जन्माच्या खोलीबाहेर आपण पेढ्यांचा पुडा घेऊन उभे राहतो, तिथे बाईचा हात धरायला, घाम पुसायला, धीर द्यायला माणसं असतात. मग त्याच माणसाच्या प्रस्थानाच्या घटकेला आपण त्याला ट्यूबलाइटखाली, अनोळखी मास्कांच्या गराड्यात, आपल्या माणसांपासून दहा पावलांवर एकटं का ठेवतो? आमचा विभाग जीव वाचवण्यासाठी आहे आणि त्याचा मला अतोनात अभिमान आहे. बंद पडलेलं काळीज पुन्हा चालू झालेलं मी याच हातांखाली अनुभवलं आहे. मात्र जो वाचणारच नाही त्याच्यासाठी आमच्याकडे काहीच नव्हतं. तो आमचा पराभव होता, आणि पराभवाकडे कोण बघतं? अशा पेशंटभोवती आम्ही दुप्पट धावायचो आणि त्याच्या माणसांना बाहेर काढायचो.

हे मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही, कारण त्यात मी सगळ्यांत पुढे होते. बारा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना, आप्पांना, वाडीत केळीला पाणी लावताना छातीत कळ आली आणि फुलं नेणाऱ्या टेम्पोत घालून त्यांना इथेच आणलं. ड्युटीवर मीच होते. आई पाठोपाठ आत आली, चिखलाच्या पायांनी, आणि मी, तिची पोटची लेक, इतर हजार नातेवाइकांना सांगावं तसं तिला म्हणाले, बाहेर थांब. दार मीच लावलं. आप्पा शुद्धीवर होते. त्यांनी मला दोनदा विचारलं, तुझी आई कुठे आहे. दोन्ही वेळा मी सांगितलं, बाहेरच आहे, येतेच ती. आणि दार काही उघडलं नाही, कारण नियम होता, कारण डॉक्टर पोचत होते, कारण मला अजून वाटत होतं की वेळ आहे. वेळ नव्हता. आप्पांनी तिच्याबद्दल विचारलं होतं, हे मी आईला कधी सांगितलं नाही. आज ती शहाऐंशी वर्षांची आहे, बोळिंजच्या माझ्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर राहते, आणि रोज तिच्यासमोर बसून मी भाकरी खाते. तिला सांगायचं आहे आणि ते माझ्याच्याने होत नाही, हे ओझं घेऊन मी ही सगळी वर्षं जगले.

मग दीड वर्षापूर्वी आमच्याकडे नव्या डॉक्टर मॅडम आल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, फुलपाड्यात वाढलेल्या, बोलणं तडातडा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, सिस्टर, आपण पेशंटला सगळं विचारतो, शुगर आहे का, ॲलर्जी आहे का. मग जवळ कोण हवंय हे का नाही विचारत? इतका सोपा प्रश्न, आणि बावीस वर्षांत तो मला सुचू नये! मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग जो उत्साह चढला तो अजून उतरलेला नाही. घायकुतीला आलेल्या श्वासाला आराम पडावा म्हणून मॉर्फिनचा थोडका डोस कसा द्यायचा, मॉनिटरचा आवाज केव्हा बंद करायचा, ज्याला कृत्रिम श्वासाची नळी नको आहे आणि तिचा उपयोगही नाही त्याच्याबद्दल दोन डॉक्टरांनी मिळून घरच्यांशी कसं बोलायचं आणि ते कागदावर कसं लिहून ठेवायचं, हे सारं या वयात मी शाळकरी पोरीसारखी वहीत उतरवून घेतलं. आणि खिडकीचं खूळ मात्र माझं स्वतःचं. शेवटी डोळ्यांना उजेड दिसावा, झाड दिसावं. वाडीत वाढलेल्या बाईला याहून मोठं दुसरं काय सुचणार?

परवा मंगळवारी ती खाट पहिल्यांदा लागली. मिठागराकडच्या गावातले एक आजोबा, फुप्फुसाचा आजार अखेरच्या टप्प्यावर, मोठ्या हॉस्पिटलने आता घरीच सांभाळा म्हणून पाठवलेले. सकाळी श्वास फारच वर लागला तसे मुलगे घाबरून त्यांना आमच्याकडे घेऊन आले. मॅडमनी तपासलं, मुलांना बाजूला घेऊन सगळं उलगडून सांगितलं, आणि नळी घालायची नाही असं ठरलं. मॉर्फिनने श्वास थोडा सैलावला. मी तर तयारच होते. पांढरीशुभ्र चादर, उशी, पडदा, आणि मधोमध माझं लाडकं ऊन. मोठ्या दिमाखात आजोबांना तिथे हलवलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, कपाळाला आठ्या घातल्या, मान भिंतीकडे वळवली. मी चादर सारखी केली, उशी उंच केली, पडदा आणखी सारला. आठ्या काही जाईनात. जवळ कोण हवंय हा प्रश्न विचारायचा असं आम्हीच ठरवलेलं, आणि अतिउत्साहात नेमका तोच मी गिळून बसले होते.

मग विचारलं. बोलताना त्यांना धाप लागत होती, ओठ नुसते हलले, म्हणून मी मुलांना विचारलं, यांची मालकीण कुठे आहे. दोघे एकमेकांकडे बघू लागले. आपल्याकडची ही रीतच ना, ज्याचं माणूस जातंय त्यालाच सगळ्यांत शेवटी कळवायचं. आईला झेपणार नाही म्हणून तिला त्यांनी चहाच्या टपरीपाशी बसवून ठेवलं होतं, सलाईन लावलंय असं सांगून. मी कुणाचं ऐकत थांबले नाही. स्वतः जाऊन तिला हाताला धरून आत आणलं. लहानखुरी बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत चापून नेसलेली. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि तिला सगळं समजलं. कुणी सांगायची गरज उरली नाही. पहिलं वाक्य ती मला म्हणाली ते हे, बाय, त्यांना त्या उजेडातून काढा, जल्माचं मिठावर काम केलंय, ऊन डोल्यांना सोसत नाय त्यांच्या.

काय सांगू तुम्हाला माझी अवस्था! वर्षभर ज्या उजेडासाठी भांडले, तो या माणसाचा आयुष्यभराचा वैरी होता. पांढऱ्या आगराच्या लखलखाटाने ज्याचे डोळे पोळले, त्याला मी हौसेने उन्हात आणून निजवलं होतं. मला हसूही आलं आणि लाजही वाटली. मामांनी आणि मी खाट ढकलत पार आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली, जिथे एरवी आम्ही ऑक्सिजनची नळकांडी ठेवतो. कपाळावरच्या आठ्या मावळल्या. म्हातारी उशाशी बसली, त्यांचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मला विचारलं, पानी देऊ का? तोंडातून काही द्यायचं नाही, हे माझ्या जिभेवर इतकं मुरलेलं की शब्द दातांपर्यंत आले. मी ते गिळले आणि तिच्या हातात कापसाचा बोळा आणि पाण्याची वाटी दिली. ती ओठ ओले करत राहिली आणि त्यांच्याशी बोलत राहिली. कोंबड्या, थोरल्या सुनेचं बाळंतपण, शेजाऱ्याने सरकवलेलं कुंपण, असलंच सगळं. बाराच्या सुमाराला, तिचं एक वाक्य अर्धं असताना, ते गेले. तिने वाक्य पुरं केलं आणि मग रडली.

आनंद झाला, असं म्हटलं तर तुम्ही मला वेडी म्हणाल. पण झाला. जीव वाचवल्यावर होतो तितकाच, थोडा वेगळ्या जातीचा. मरण टळत नाही, मात्र मरणातलं एकटेपण टाळता येतं, आणि त्याला मशीन लागत नाही, एक प्रश्न आणि उघडलेलं दार पुरतं. हे एवढं शिकायला मला आयुष्य लागलं. कधी एकदा घरी जाते आणि आईला सांगते, असं मला झालं होतं.

संध्याकाळी आई गॅलरीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी चपला काढता काढताच सुरू झाले. ऊन, मिठागर, कोपरा, पाण्याची वाटी, सगळं एका दमात. ती ऐकत होती. आणि म्हातारीला आत आणल्याचं सांगता सांगता, न ठरवता, माझ्या तोंडून ते निघून गेलं. म्हटलं, आई, आप्पांनी तुला विचारलं होतं. दोनदा. मी तुला आत घेतलं नाही.

तिच्या हातातली शेंग तिने सोलली, दाणे ताटात टाकले. मग म्हणाली, ठाऊक आहे गं. त्यांचा आवाज नाही आला, पण तुझा येत होता. येतेच ती, असं दोनदा म्हणालीस. म्हणून मी बाकावर बसलेच नाही, दाराला लागून उभी राहिले. म्हटलं, बोलावलंस की लगेच आत यायला बरं.

बारा वर्षं मी तिला जपत होते आणि ती मला. तिने सालपटं गोळा केली, माझ्याकडे न बघता विचारलं, त्या बाईला बसायला दिलंस ना काही?

दिलं, मी म्हटलं.