पिवळा डाग

माझी लेक सव्वादोन वर्षांची होईपर्यंत अंगावर पीत होती. हे सांगताना अजूनही माझा आवाज जरा खाली येतो, कारण आमच्या विरारच्या मनवेलपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये या विषयावर मत नसलेलं कोणी नव्हतं. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बाया आधी तिचा गालगुच्चा घ्यायच्या आणि मग मला विचारायच्या, "अजून पिते?" जणू काही मी त्यांच्या घरचं दूध पाजत होते.

माझं माहेर साताऱ्याकडचं. नवरा इथलाच, जवळच्या उमेळे गावचा, पण वाटण्या होत होत सासरचं घर लहान झालं आणि आम्ही विरारला फ्लॅट घेतला. तो पहाटे कामाला निघायचा आणि लेक झोपल्यावर परतायचा. दिवसभर घरात आम्ही दोघीच. तिला बोलता येत नव्हतं तेव्हा दोघींच्या वाटचं मीच बोलायचे. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा तिला मोजून दाखवायचे. तिला पाजायला घेतलं की मात्र बोलावं लागायचं नाही. ती एका हाताने माझं मंगळसूत्र धरून ठेवायची आणि मला वाटायचं, चला, कोणीतरी आहे. मी फार एकटी होते. तेव्हा हे कोणी विचारलं असतं तर मी साफ नाही म्हटलं असतं.

मग मला नोकरी लागली. लेक पाळणाघरात जाणार होती. हातात सहा आठवडे होते. मी ठरवलं, रडवायचं नाही, एकेक वेळ अलगद काढून घ्यायची. सकाळची वेळ केळ्यावर निभावली. संध्याकाळची गच्चीवर कबुतरं बघण्यात गेली. रात्री पाठीवर थोपटून झोपायची सवय लागायला दहा दिवस गेले, त्यातले चार दिवस मीही रडले. राहिली ती दुपारची. जेवण झालं की ती माझं बोट धरून मला आतल्या खोलीत न्यायची, स्वतः पडदा ओढायची आणि म्हणायची, "दुदू." ही वेळ काही सुटेना. खरं सांगायचं तर मीच सोडवत नव्हते. मनाशी ठरवून ठेवलं होतं की शेवटच्या दिवशी फोन बाजूला ठेवायचा, घाई करायची नाही, नुसतं तिच्याकडे बघत बसायचं.

एका रविवारी सासूबाई उमेळ्याहून आल्या. पिशवीत वाडीतली केळी, अळूची पानं आणि एका छोट्या डब्यात वाटलेला कडुनिंबाचा पाला.

"माज्या तिन्ही पोरांचं ह्यो पाला लावूनच सोडवलंय मी," त्या म्हणाल्या. "दोन दिसांत नाव नाय घेनार. आनि वर थोडी हळद लाव, म्हंजे तुला आग नाय होनार."

मी हो हो म्हटलं आणि डबा फ्रीजमध्ये दह्याच्या मागे सरकवून दिला. असलं काही करायचं नाही, असं माझं पक्कं होतं.

बुधवारी मात्र माझा तोल गेला. नोकरीला पाच दिवस राहिले होते. ऑफिसातून कागदपत्रांसाठी फोन आला होता, आणि मी बोलत असताना लेक गाऊन ओढत होती, ओरडत होती, शेवटी दंडाला चावली. फोन ठेवून मी तडक डबा काढला. बाथरूममध्ये जाऊन आधी स्वतःच्या जिभेवर थोडा पाला ठेवून बघितला. कडूजहर. तरी लावला, वरून हळदही लावली, आणि आतल्या खोलीत येऊन तिला हाक मारली.

ती धावत आली. गाऊन बाजूला करून तोंड उघडलं आणि तशीच थांबली. आमच्या घरात ती पडली, खरचटलं, की मी हळद लावून फुंकर घालते. अंगावर हळद म्हणजे लागलेलं, एवढंच तिला ठाऊक.

"आई, बाऊ?" तिने विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं. मी "हो" म्हटलं.

तिने गाल फुगवून फुंकर घातली, थुंकीसकट. मग गाऊन नीट खाली ओढला, पडदा ओढला आणि मला आडवं पाडून माझ्या पाठीवर थोपटत राहिली, थोपटता थोपटता स्वतःच झोपली. पाल्याचा कडूपणा तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळं धुऊन टाकलं होतं, पण हळदीचा डाग राहिला होता. ती आली, डोकावून बघितलं, फुंकर घातली आणि झोपली. शनिवारपर्यंत डागही गेला. जे व्हायला हवं होतं ते झालं होतं, मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या दुपारी पडदा मी ओढला आणि मीच म्हटलं, "बघ, बाऊ बरा झाला."

तिने बोट लावून नीट तपासलं. "नको," ती म्हणाली. "आईला दुखतं." आणि माझा हात घेऊन थोपटण्यासाठी स्वतःच्या पाठीवर ठेवला.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "सुटलं काय?"

"सुटलं."

"रडली काय पोर?"

"नाही, आई. अजिबात नाही."

त्या खूश झाल्या. फोन ठेवल्यावर मी ओट्याशी उभी राहून शेवटचं पाजणं आठवू लागले. ते मंगळवारचं असणार. तिने मंगळसूत्र धरलं होतं का, ती माझ्याकडे बघत होती का, काही म्हणजे काही आठवेना. मग लक्षात आलं, त्या दुपारी पाण्याची बोंब होती आणि मी तिला पाजताना एका हाताने बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहीत होते. शोधलं तर सापडलं. "टँकर कधी येणार?" दोन वाजून सतरा मिनिटं.

तो मेसेज मी अजून पुसलेला नाही.