रिकाम्या सीटचा पट्टा

वारा पडायची वाट बघत फ्लाइंग क्लबच्या खोलीत टेबलावर डोकं टेकलंय. साडेचारला माझं उड्डाण आहे, तेही तीन-चार आठवड्यांनी. पगार झाला की एक तास, एवढीच माझी ऐपत. डोळे मिटतात, पण पाय स्वस्थ नाहीत. ते टेबलाखाली विमानाचे रडर-पेडल दाबतायत.

टेबल हलतं आणि मी विमानात असते. उजवीकडे तळवलकर मॅडम, माझ्या प्रशिक्षक. त्या मार्गशीर्षात गेल्या हे मला ठाऊक आहे, तरी मी घाबरते ती त्या रागावतील म्हणून. धावपट्टी जवळ येते. मी फार लवकर विमानाचं नाक उचलते, ते धपकन आपटतं आणि उसळतं.

"मागच्या वेळी काय शिकलीस, राऊत?"

"लँडिंग."

"त्याच्या मागच्या वेळी?"

"लँडिंग."

मॅडम हसतात. दर वेळी अर्धा तास विसरलेलं आठवण्यातच जातो, म्हणतात, अशाने म्हातारी होशील, पायलट नाही. आता आम्ही आमच्या स्वयंपाकघरात आहोत. सीट तशाच, समोर गॅस, आई पाठमोरी पोळ्या लाटतेय. मॅडम सांगतात, पावसाळाभर पैसे साठव, दिवाळीनंतर महिनाभर रजा काढ आणि दिवसाआड उड.

"आत्ता थांबले तर परत येणारच नाही मी. घरचे त्याचीच वाट बघतायत."

"म्हणजे घरच्यांना घाबरून उडतेयस होय तू?"

राग येतो, त्या नसताना शिकावं लागतंय याचाच जास्त. गॅसच्या जागी पुन्हा धावपट्टी, इंजिन सुरू. मॅडम दार उघडून उतरतात आणि बाहेरून वाकून आपल्या सीटचा पट्टा आवळून बांधतात. विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडतो तेव्हा हेच करतात, मोकळा पट्टा कंट्रोलच्या दांड्यात अडकू नये म्हणून.

"इतक्यात नको, मॅडम."

"इतक्यात कोण म्हणतंय? दिवाळीनंतर."

क्लबच्या खोलीच्या दारातून नवे सर हाक मारतात. वारा पडलाय. मी धडपडत उठते आणि सांगते की आज नको, दिवाळीनंतरचा सबंध महिना माझ्या नावावर ठेवा. सर माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघतायत.

"हे कोणी केलं?"

प्रवासात तोंडाला गुंडाळायचा माझा स्कार्फ त्या रिकाम्या खुर्चीवर आडवा, घट्ट आवळून बांधलेला आहे.