आगे बंद

माझी ट्रंक मोटारीच्या टपावर चढली, दोर आवळून झाला, आणि मगच आईनं पदराखालून एक पुडकं काढलं. सगळ्यांच्या देखत द्यायचं नसलं की ती असंच करायची. वाईहून वाठार स्टेशनाकडे जाणारी मोटार गुरगुरत उभी होती, ‘हे’ आणि मामंजी पुढच्या बाकावर बसले होते, आणि ड्रायव्हर कुणाच्या तरी कोंबड्यांवर ओरडत होता. पुडक्यात एक खण होता. डाळिंबी रंगाचा, पिवळ्या-पांढऱ्या काठाचा. माझ्या ओटीत चार खण आधीच पडले होते, पण हा आईच्या स्वतःच्या पेटीतला. तिनं तो कधी शिवला नव्हता. दर संक्रांतीला काढायची, ऊन दाखवायची आणि परत ठेवायची.

“जिथं जाशील तिथलं नेस बाई,” ती म्हणाली, “पण आपल्या हातानं नेस.”

लग्नाच्या आठवड्यात आत्या-मावश्यांनी मला इतकं ओढून-ताणून नेसवलं होतं की आईला त्याचा राग आला असावा. मला तेव्हा एवढंच वाटलं. मोटार सुटली. ती रडली नाही, म्हणून मीही रडले नाही. वाठारला मात्र माझा धीर सुटला आणि पुढे कल्याणपर्यंत मी रडत होते. मामंजींनी दोनदा पाणी दिलं आणि तिसऱ्यांदा पेढा.

माहेरी मागे राहिलेल्या माझ्या बहिणींनो, आणि माझ्यासारख्याच दक्षिणेतून इकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सुना म्हणून आलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही मला नेहमी विचारता की तिकडे ग्वाल्हेरला जाऊन तू पुरती बदललीस का. उत्तर एका पोलक्यात आहे, पण ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

ग्वाल्हेरला उतरलो तेव्हा मी सतरा वर्षांची होते. स्टेशनाबाहेर पडावावर टांगा केला आणि शिंदे की छावनीतल्या घरी आलो. आमचं हे घराणं चार पिढ्यांपूर्वी दरबारच्या दफ्तरात लिहिणं-पुसणं करायला म्हणून इकडे आलेलं. घरात मराठीच बोलत, पण ती मराठी ऐकून मला पहिले काही दिवस वाटत होतं की ही माणसं माझी चेष्टा करताहेत. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं:

“सूनबाई, डोक्यावरून पल्लू घे ना. लोक पाहून राहिले आहेत.”

पल्लू म्हणजे पदर हे कळायला मला एक क्षण लागला. आमच्या आळीत डोक्यावरून पदर घेत त्या विधवा. सवाष्ण बाईनं घेतला तर आई पाठीत धपाटा घालील. इथं मात्र पाच लेकरांची आई असलेली, कपाळभर कुंकू लावणारी बाई चंदेरी नऊवारी नेसून तिचाच पदर डोक्यावरून ओढून उभी होती आणि मलाही तेच करायला सांगत होती. मी घेतला. त्या दिवसापासून एक भीती माझ्या मनात बसली. या घरात मी हळूहळू दुसरीच कुणीतरी होणार, आणि एक दिवस आईसमोर जाऊन उभी राहिले तर ती म्हणणार, कोण गं तू?

त्यात ‘हे’ नव्या विचारांचे. शाळेत मास्तर, घरी मासिकं येत, आणि त्या मासिकांतल्या बायका गोल पातळ नेसलेल्या. ते वर्षच तसं होतं. राजवाड्यावरच्या बायका गोल नेसू लागल्या, मग सरदारांच्या, मग वकील-डॉक्टरांच्या. त्यावर जंपर. बंद गळ्याचा, कोपरापर्यंत बाह्यांचा, आणि खांद्याशी फुगे. शेजारच्या वकिलीणबाईंचा जंपर मी हौसेनं घालून पाहिला. मी बुटकी, खांदे रुंद. आरशात पाहिलं तर दोन्ही खांद्यांवर एकेक टम्म पुरी ठेवल्यासारखी दिसत होते. ‘हे’ म्हणाले, “छान आहे.” मासिकात पाहूनच म्हणाले असावेत.

जसा देश तसा वेश म्हणतात, पण वेश करणाऱ्या माणसाचे खांदे कसे आहेत ते म्हणीत कुणी विचारत नाही.

माघात एका सरदारांच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. सगळ्या नव्या सुनांना तिथं पहिल्यांदा दाखवत. ‘ह्यांनी’ चंदेरीचं गोल पातळ आणलं, फिकट पिस्ता रंगाचं. सासूबाईंचं म्हणणं, नऊवारीच नेसायची. दोघांचं दोन दिवस माझ्यावरून चाललं होतं आणि मला कुणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, “मी गोल नेसते, पण पोलकं माझ्या मनाचं शिवीन.” ट्रंक उघडली आणि आईचा खण काढला. फुगे नकोत. सरळ बाही, कोपराच्या वर संपणारी, आणि बाहीच्या कडेला खणाचा काठ. उंची जंपरसारखी, म्हणजे गोल पातळावर पोट उघडं पडणार नाही. आणि पुढे आपल्या चोळीसारखे बंद, म्हणजे माझं मला बांधता येईल. आपल्या हातानं नेस, असं आई म्हणाली होती ना!

सासूबाईंचा विश्वास किला गेटला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्टरजींवर. तिथं टांग्यानं गेलो. सासूबाई शेजारच्या बांगडीवाल्याकडे वळल्या आणि मला वाटलं, आता आपली हिंदी दाखवून द्यावी. बाही सांगितली, काठ सांगितला, उंची सांगितली. शेवटी म्हणाले, “और मास्टरजी, आगे बंद रखना.”

“आगे बंद?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“हाँ. पक्का. आगे बंद.”

“समझ गए, बिटिया. आजकल यही चल रहा है।”

मला फार बरं वाटलं. चोळीचे बंद इथंही चालतात तर! आपली वाई काही अगदीच मागासलेली नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी पोलकं आलं. मी खोलीचं दार लावून घेतलं, उलगडलं आणि बंद शोधू लागले. बंद कुठंच नव्हते. पुढची बाजू गळ्यापासून खालपर्यंत अखंड शिवलेली, आणि पाठीवर वरपासून खालपर्यंत उघडं, कापडानं मढवलेली आठ बटणं. आपल्याकडे बंद म्हणजे बांधायची नाडी. मास्टरजींच्या हिंदीत बंद म्हणजे मिटलेलं. त्यांनी पुढून मिटवून टाकलं होतं.

खण म्हणजे मोजून एका चोळीचं कापड. उसवून पुन्हा बेतायला बोटभरही शिल्लक नव्हतं. आईनं इतकी वर्षं जपलेली वस्तू मी माझ्या दीडशहाण्या हिंदीनं एका दिवसात घालवली. तरी घालून पाहिलं. हात मागे वळवून वरून बटणं लावायला गेले, खालून गेले, भिंतीला टेकून गेले. मधली चार काही हाताला येईनात. मग मात्र मी खाली बसले आणि रडले. खणासाठी रडले, आईसाठी रडले, आणि या मुलखात आपलं पोलकंसुद्धा आपल्याला घालता येत नाही म्हणून रडले.

दार ढकलून सासूबाई आत आल्या. “काय करून राहिलीस? टांगा येईल ना आता.”

मी हुंदके देत सगळं सांगितलं. आगे बंदपर्यंत आले तशा त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोक्यावरचा पल्लू खांद्यावर आला. मला संताप आला. मग त्यांनी पाट ओढला, मला पाठमोरी बसवलं आणि खालून एकेक बटण लावायला लागल्या. थंडीनं त्यांची बोटं गार होती. चौथ्या-पाचव्या बटणाशी त्या थांबल्या. मला वाटलं, काज लहान झालं असेल.

“माझ्या आईजवळ होता असा एक खण,” त्या म्हणाल्या. “तिच्या आजीचा. आम्ही मुली त्याला हात लावून पाहायचो. दक्षिण म्हणून मी बस तेवढीच पाहिली आहे. पुणं नाही, तुमची वाई नाही. तो एक खण.”

स्वतःला ज्या मुलखाची म्हणवत आली तो या बाईनं हातभर कापडात पाहिला होता, आणि त्याच मुलखातून आलेल्या माझ्या पदराला, बोलण्याला, भाकरीला नावं ठेवताना तिला काय वाटत असेल हे मी कधी मनात आणलं नव्हतं. उरलेली बटणं त्यांनी लावली.

टांग्यात मी डोक्यावरून पदर घेतला. सरदारांच्या दारात उतरल्यावर सासूबाईंनी स्वतःच तो खाली ओढला, खांद्यावरून कमरेशी खोचला आणि म्हणाल्या, “आठ बटणं लावली आहेत मी. कोणाला दिसायला पाहिजेत की नाही?”

आत दहा-बारा सुना, सगळ्यांच्या खांद्यांवर फुगे. बाईसाहेबांनी कुंकू लावताना माझ्या बाहीचा काठ दोन बोटांत धरला. “हे कापड कुठलं गं?”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “आमच्या माहेरचं.”

मी चमकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं बोलल्याची खूण नव्हती. खोटं नव्हतंच ते.

होळीपर्यंत किला गेटच्या मास्टरजींकडे छावनीतल्या चार-पाच घरांतून खण आले. ज्यांच्याकडे खण नव्हता त्यांनी चंदेरीचा तुकडा दिला. मास्टरजी या कापाला ‘आगे बंद’च म्हणत, आणि तो आमच्या सूनबाईंनी आणलेला दक्षिणी फैशन आहे असं गिऱ्हाइकांना सांगत. वकिलीणबाईंनी आपल्या जंपरचे फुगे उतरवले आणि मला ते सांगायला मुद्दाम आल्या. मी चुकूनही खरं सांगितलं नाही. चूक लोकांना आवडली की तिला फॅशन म्हणतात.

मी आईला चार पानी पत्र लिहिलं. पोलक्याचं चित्र काढलं, आठ बटणं मोजून. आईला लिहायला जड जाई, दादा तिच्यासाठी लिहायचा. पण या खेपेला कार्ड तिच्या स्वतःच्या हातचं आलं, अक्षरं मुंग्यांसारखी इकडे-तिकडे गेलेली. ‘चि. दुर्गीस आशीर्वाद. खणाचं सोनं झालं. पाठीची बटणं कोण लावतं?’

बस, एवढंच. मला ते फार लागलं. आपल्या हातानं नेस म्हटलं होतं, आणि तू दुसऱ्याच्या हातानं नेसणारी बाहुली झालीस, असंच तिला म्हणायचंय असं मी धरून चालले. उत्तर लिहिलं नाही. आठ दिवस कार्ड उशीखाली होतं. एकदा अंथरूण झटकताना ते सासूबाईंच्या पायाशी पडलं. त्यांनी वाचलं आणि मला विचारलं, जवाब दिलास का? मी नाही म्हणाले आणि का नाही तेही सांगून टाकलं.

“पागल आहेस का गं?” त्या चिडल्या. “ती टोचून नाही राहिली तुला. आई आहे ती. विचारते आहे की इतक्या दूर माझ्या मुलीच्या पाठीशी कोणी आहे की नाही.”

मोटारीपाशी आई का रडली नव्हती तेही मला तेव्हा कळलं: माझा धीर सुटू नये म्हणून. सासूबाईंनी नवं कार्ड मागितलं, दौत घेतली, आणि माझ्या वतीनं नव्हे, स्वतःच्या नावानं लिहिलं: ‘बटणं मी लावते. काळजी नसावी.’

दोन वर्षांनी पहिल्या बाळंतपणासाठी वाईला गेले. मोटारीतून उतरताना डोक्यावरून पदर होता, सवयीनं. आईनं पाहिलं, एक क्षण दचकली, मग तो हळूच मागे सरकवला आणि कपाळावरून हात फिरवला. “कोण गं तू” असं काही ती म्हणाली नाही. तिच्या कुंकवाच्या पेटीत सासूबाईंचं ते कार्ड होतं, चारी कोपरे मऊ झालेलं.

आता या सगळ्याला बारा वर्षं झाली. मी घरात पदर खांद्यावर घेते आणि बाहेर डोक्यावर. ‘पाहून राहिले’ असं माझ्याही तोंडून निघतं आणि माझी थोरली मुलगी वाईला गेली की तिला सगळे हसतात. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी अडखळायचे. आता म्हणते, लष्कर, आणि माहेर वाई, आणि दोन्ही म्हणताना जीभ अडत नाही.

सासूबाईंची बोटं मात्र आता वळत नाहीत. सांधे सुजतात. तीन बटणं लावून त्या श्वास घ्यायला थांबतात. या दिवाळीला मास्टरजी मापं घ्यायला घरी आले तेव्हा हे त्यांनी पाहिलं असावं. मला बाजूला घेऊन म्हणाले, “बिटिया, अब सामने से खुला सिल दूँ? आपको भी आराम, अम्माजी को भी।”

मी विचारात पडले. अंगणातल्या बाजेवरून सासूबाईंचा आवाज आला.

“नहीं मास्टरजी, आगे बंद ही रखना.” मग माझ्याकडे पाहून, जरा रागानंच, “समोरून खुलं केलंस तर मी काय करू दिवसभर?”

मास्टरजींनी वहीत लिहिलं, आगे बंद.