उरलेल्या कानासाठी सायलेन्सर

तीस वर्षं बातमीदारी केली की दोन ढीग साठतात. एक छापून आलेल्या बातम्यांचा. तो माळ्यावर असतो आणि बायको दर वर्षी विचारते, फेकू का? दुसरा न छापलेल्यांचा. तो डोक्यात असतो आणि चार मित्र जेवायला बसले की आपोआप बाहेर पडतो. आप्पा साठ्यांच्या सायलेन्सरचे किस्से या दुसऱ्या ढिगातले. ऐकणारे पोट धरून हसतात. मला मात्र सांगताना अजून राग येतो, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

आप्पा आमच्या इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीचे. एका कार फॅक्टरीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. भिंतीपलीकडे प्रेस शॉप. पत्र्यावर दिवसभर धडाधड घाव. त्यात डावा कान गेला. उजवा उरला. फॅक्टरीच्याच रायफल क्लबात ते नेम धरायला शिकले होते. पुढे कुत्र्यांनी कोल्ह्यांची शिकार करायला बंदी आली आणि शहराबाहेरचा जेफ नावाचा शेतकरी नेमबाज शोधू लागला, कारण कोल्हे त्याची कोकरं नेत होते. तेव्हापासून दर रविवारी आम्ही तिघं त्याच्या शेतावर. आप्पा रायफल घेऊन, जेफ काठी घेऊन, आणि मी तोंड घेऊन.

पण प्रत्येक बारानंतर आप्पांच्या उजव्या कानात शिट्टी वाजायची, आणि ती दोन दोन दिवस थांबायची नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हाही गेला तर मशीन लावूनसुद्धा फारसं ऐकू येणार नाही. म्हणून रायफलच्या तोंडाला बसवायचा सायलेन्सर.

*

या देशात सायलेन्सर दुकानात जाऊन पिशवीत घालून आणता येत नाही. पोलिसांकडून आपल्या फायरआर्म सर्टिफिकेटवर त्याची नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं. आप्पांनी कारण लिहिलं, कान. सोबत डॉक्टरांचं पत्र.

चौकशीला आलेल्या ऑफिसरने आधी विचारलं, अलीकडे परदेशी गेला होतात का? आप्पा म्हणाले, हो, नाशिकला, साडूच्या साठीशांतीला. ते त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला, कानाला जपायचं तर इअरमफ घाला, सायलेन्सर कशाला?

आप्पांनी शांतपणे समजावलं. जेफच्या शेतातून पब्लिक फुटपाथ, म्हणजे सगळ्यांना खुली पायवाट, जाते. लोक कुत्री घेऊन फिरतात. कुणी येतंय का, हे मला एकाच कानाने ऐकावं लागतं. तोही झाकला आणि मी ट्रिगर दाबला तर?

ऑफिसर म्हणाला, "फेअर पॉइंट." आणि त्यानंतर अकरा महिने पत्र नाही.

त्याच सुमाराला जेफनेही, नेम धड लागत नसला तरी, स्वतःच्या रायफलला सायलेन्सर हवा म्हणून अर्ज केला. कारण दिलं, आवाजाने गाई बुजतात. त्याला परवानगी तीन आठवड्यांत, तीही घरी कुणी न येता. बिचारा आम्हाला सांगतानाही ओशाळला होता.

म्हणजे जेफच्या गाईंचे कान सरकारला पटले. आप्पांचा पटायला वेळ लागत होता.

*

मधल्या काळात घराची तपासणी झाली. जिन्याखाली भिंतीला बोल्ट मारून बसवलेलं रायफलचं लोखंडी कपाट बघून ऑफिसर खूश झाला. जाता जाता त्याने सुमनवहिनींना सहज विचारलं, किल्ली कुठे असते हो?

आता वहिनींच्या घरात अशी एकही वस्तू नाही जी त्यांना सापडत नाही. त्यांनी अभिमानाने सांगितलं, "साबुदाण्याच्या डब्यामागे!"

नियम असा की किल्ली कुठे आहे हे सर्टिफिकेट ज्याच्या नावावर त्यालाच ठाऊक हवं. बायकोलाही नाही. ऑफिसरने वहीत काहीतरी लिहिलं आणि आप्पांचा चेहरा उतरला.

त्या दिवसापासून आप्पा किल्ली लपवायचे आणि वहिनी शोधून काढायच्या. मुद्दाम नव्हे, आवरताना. बुटात सापडली. घड्याळामागे सापडली. शेवटी आप्पांनी, लग्नानंतर जे कधी अंगावर घातलं नव्हतं, ते जानवं ट्रंकेतून काढलं आणि किल्ली त्याला बांधली.

पुन्हा तपासणी झाली. किल्ली कुठे? आप्पांनी शर्टाची वरची तीन बटणं सोडली.

"आंघोळीच्या वेळी?"

"तेव्हाही."

ऑफिसरच्या वहीत मी डोकावलो, ती माझी जुनी सवय आहे. तिथे लिहिलं होतं, किल्ली धार्मिक दोऱ्यावर, व्यवस्था समाधानकारक. एवढ्या महिन्यांत त्यांना समाधानकारक वाटलेली ही पहिली गोष्ट.

*

एकदाची परवानगी आली. आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर एक काळी नळी ठेवली आणि म्हणाला, सगळे हाच नेतात.

आप्पांनी कोटाच्या खिशातून आपला व्हर्नियर काढला.

टूलमेकर माणूस! त्यांनी आटे तपासले, भोक मापलं, नळी बोटांवर फिरवून बघितली आणि बाजूला ठेवली. "आठ थाऊ आउट आहे." म्हणजे भोक इंचाच्या आठ हजारांशाने सरकलेलं. भोक मधोमध नसेल तर गोळी आतल्या चकत्यांना घासते आणि नळी फुटू शकते, हे मला नंतर कळलं. दुकानदाराने दुसरी काढली. तीही बाजूला. तिसरीही. मागे रांग लागली होती. दुकानदार वैतागून म्हणाला, "सर, ही लग्नाची अंगठी नाही."

आप्पा म्हणाले, "अंगठी मी न मापता घेतली होती. तिने नुकसान केलं नसतं."

चौथी त्यांना पसंत पडली. आम्ही निघेपर्यंत दुकानदाराचं तोंड वाकडंच होतं. आणि पंधरा दिवसांनी त्याचाच आप्पांना फोन. नवा माल आलाय, जरा येऊन बघून जाल का? ज्या माणसाला रांगेसमोर वेड्यात काढलं, त्यालाच हा फुकटात इन्स्पेक्टर नेमत होता. मी म्हटलं, जाऊ नका. आप्पा गेले. व्हर्नियर घेऊन गेले.

*

वस्तू घरात आली म्हणजे संपलं असं नाही. बार झाल्यावर सायलेन्सरमध्ये ओल धरते. तो तसाच रायफलवर ठेवला तर रायफलची नळी गंजते. म्हणून प्रत्येक वेळी काढायचा, पुसायचा, उभा करून वाळवायचा. पण तो नजरेआड ठेवायचीही चोरी, कारण कायद्याने तोसुद्धा हत्यारच. त्यामुळे रविवारी दुपारी आप्पा स्वयंपाकघरात घर तापवणाऱ्या रेडिएटरजवळ खुर्ची टाकून त्याच्या शेजारी बसायचे. दोन दोन तास.

वहिनी पोळ्या लाटता लाटता मला म्हणाल्या, "भाऊजी, माझं ऑपरेशन झालं तेव्हा हे एवढा वेळ माझ्या उशाशी बसले नव्हते."

आप्पांनी मान वळवली नाही. ती बाजू डावी होती, त्यामुळे ऐकलं की नाही, देव जाणे.

*

आता आपली माणसं. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींच्या कानावर गेलं की साठ्यांच्या घरी सायलेन्सर आहे. त्यांनी तो फक्त सिनेमात, खुन्याच्या हातात पाहिलेला. लगेच मीटिंग. दिवस वाईट आहेत, गोऱ्यांमध्ये आपल्याबद्दल गैरसमज नको, साठ्यांनी यंदा कमिटीवर न बसलेलं बरं. वीस वर्षं गणपतीच्या मखराचं लोखंडी काम या माणसाने केलं, आणि त्याच्या बाजूने एक हात वर होईना. मी उभा राहून बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दसऱ्याला दर वर्षीप्रमाणे आप्पांनी पाटावर हत्यारांची पूजा मांडली. व्हर्नियर, मायक्रोमीटर, कानस आणि यंदा सायलेन्सर. वहिनींनी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. आप्पा दोन फुटांवर पहारेकऱ्यासारखे उभे, कुणी हात लावू नये म्हणून.

सोनं द्यायला सगळी मंडळी आली. सेक्रेटरीही आले. सोनं दिलं, पेढा खाल्ला, इकडेतिकडे, मग पाटावरच्या सायलेन्सरकडे बघितलं आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "त्याच्याबरोबर माझा एक फोटो काढतोस?"

*

आता माझी पाळी. माझ्या रागात माझाही वाटा आहे.

प्रेस शॉपमध्ये कान गेलेल्या कामगारांवर मी एक मोठा लेख लिहिला. बारा माणसांशी बोललो. इतकी वर्षं त्यांच्या कानात कापसाचा बोळा तरी घाला असं कुणी म्हटलं नाही, हा मुद्दा. त्यात एका परिच्छेदात आप्पा. उरलेला कान वाचवायला त्यांना किती झगडावं लागलं, एवढंच.

मी दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या बातमीवर होतो. ऑफिसात सब-एडिटरने त्या एका परिच्छेदातून मथळा काढला, "पेन्शनरच्या घरी सायलेन्सर". शेजारी काळ्या पिस्तुलाचं भलंमोठं चित्र. बाकीचे अकरा कान तळाला गेले.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले आणि फेरविचार होईपर्यंत म्हणून रायफल, सायलेन्सर, सगळं घेऊन गेले. वहिनींनी त्यांना चहा दिला. मी एडिटरच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटला. तो म्हणाला, मथळ्यात चूक काय आहे ते दाखव. चूक एकही नव्हती. हेच तर त्या धंद्याचं कसब.

आप्पांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्यांनीच बोलावलं. म्हणाले, "लेख चांगला लिहिलास. पण लोक वरचं मोठं अक्षर वाचतात रे." यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

*

शेवटचा किस्सा फेरविचाराचा. रायफल आणि सायलेन्सर दोन्ही परत मिळाली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचं लक्ष त्यात अडकणार नाही.

कोकरांचे दिवस आले होते. जेफने पोलिसांना सडकून पत्र लिहिलं की माझ्या नेमबाजाला सायलेन्सर का लागतो हे खुर्चीत बसून कळणार नाही, शेतावर या. आणि एक इन्स्पेक्टर खरोखरच आला. चांगला उंचापुरा, चकचकीत बूट, चिखल बघून कपाळाला आठी. गाडीतून त्याने आप्पांची रायफल आणली होती. सायलेन्सर आणला नव्हता. म्हणाला, त्याचाच तर फेरविचार चाललाय, तो कसा आणणार?

ठरलं की मातीच्या बांधावर कागदी निशाण लावायचं आणि आप्पांनी एक बार काढायचा. जेफ फुटपाथच्या फाटकावर उभा राहिला, कुणी येऊ नये म्हणून. आप्पांनी स्वतः इअरमफ चढवले आणि दुसरी जोडी इन्स्पेक्टरपुढे धरली.

त्याने हाताने बाजूला सारली. "नको. आपण कशाबद्दल बोलतोय ते मला ऐकायचंय."

आप्पांनी पुन्हा पुढे केली. त्याने पुन्हा नाही म्हटलं, आणि आप्पांच्या उजव्या हाताला, अगदी जवळ येऊन उभा राहिला. मी वीस पावलं मागे जाऊन दोन्ही कानांत बोटं घातली.

बार झाला. पलीकडच्या झाडांतले सगळे कावळे उडाले. निशाणाच्या बरोबर मधोमध भोक. इन्स्पेक्टर जागचा हलला नाही, फक्त दोनदा डोळे मिटले.

आप्पांनी रायफल रिकामी केली, इअरमफ काढले. वहिनींनी दिलेला फ्लास्क उघडला, कपात चहा ओतला आणि रोजच्या आवाजात विचारलं, "साखर एक की दोन?"

इन्स्पेक्टर निशाणाकडे बघत उभा होता.

"साखर एक की दोन?"

"सॉरी?" तो म्हणाला, आणि मान तिरकी केली.

आप्पांनी कप हातात घेतला, त्याला वळसा घालून दुसऱ्या कानाच्या बाजूला गेले, आणि तितक्याच हळू आवाजात विचारलं, "साखर?"